नवीन इंजिन आणा, पण आमचा सात किमीचा रूट पण बघा

लेखात म्हटलंय की प्रदूषणाच्या पुढच्या नियमांसाठी डिझेल पिकअपच्या इंजिनात परत बदल होणार, होऊ देत की, पण २०२० ला बीएस ६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) आलं तेव्हा डीपीएफ नावाचं, धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, काय प्रकरण सायलेन्सरच्या लाईनीत बसवलंय हे आम्हाला गाडी घेताना कोणी सांगितलंच नाही. माझी गाडी रोज शेतातून मार्केट यार्ड, जेमतेम सात किमी, तेवढ्यात ते तापतच नाही, आत साठलेली काजळी जळायला ५५०-६०० डिग्री लागतात राव! मग डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. आता ते तापून काजळी जळावी म्हणून दर रविवारी रिकामीच हायवेला पळवून आणतो, डिझेल माझंच 😀 धूर कमी झाला हे मात्र खरं, डिझेलमधलं सल्फर पण ५० वरून १० पीपीएमवर आणलं, त्याबद्दल तक्रार नाही.