उन्हाळा घराबाहेर ठेवू नका

मार्च लागला की आपल्याकडे उन्हाळ्याबद्दल बोलायची एकच तऱ्हा उरली आहे. आज पारा किती, उद्या किती जाणार, एसीची सर्व्हिसिंग झाली का. पडदे ओढून घ्यायचे आणि जूनची वाट बघत दिवस ढकलायचे. मला हे मनापासून खटकतं. वर्षातले तीन-चार महिने नुसते सोसायचे? आपल्या घरांना हा ऋतू साजरा करायची सवय होती. आणि त्याला वाडाच हवा, अंगणच हवं असं काही नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही तो रोज आणता येतो.

एसीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. घरात वयस्कर माणूस असेल, तान्हं बाळ असेल, कुणी आजारी असेल तर एसी लावाच. उष्माघात जीव घेतो. पण घर गार ठेवणं आणि घरात उन्हाळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आपण सोडून दिली आहे.

सुरुवात माठापासून करा. फ्रीज असला तरी. माठ घेताना मात्र बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला, वेलबुट्टी काढलेला घेऊ नका. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. रंगाने छिद्रं बुजली की हा सगळा खेळच थांबतो. टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. नवा माठ दिवसभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. आतून घासायला साबण अजिबात नको, मातीत तो वास बसतो आणि जात नाही. मुंबईत आणि कोकणात हवा दमट, तिथे वाफ कमी होते म्हणून पाणी बेताचंच गार होतं. पुणे, नाशिक, जळगाव, नागपूरकडे कोरड्या हवेत माठ कमाल करतो. त्यात वाळ्याची छोटी जुडी स्वच्छ धुऊन, मलमलच्या फडक्यात बांधून सोडा आणि ती दर दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवून घ्या. शाळेतून, ऑफिसातून घरी आलेल्या माणसाला त्या पाण्याचा पहिला घोट काय देतो, ते फ्रीजची बाटली देऊ शकत नाही.

माझं माहेर जळगावचं. तिकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतकंच तिचं अप्रूप असतं. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. पाण्याने भरलेल्या घागरीची पूजा पितरांच्या नावाने होते आणि मगच आंबा खायला सुरुवात. पहिल्या आंब्यासाठी थांबण्यात केवढी गोडी होती! आता फेब्रुवारीतच पेटी येते, फोटो पडतो आणि खरा मोसम येईपर्यंत जीभ विटलेली असते. आमच्याकडे मी हा नेम पुन्हा सुरू केला आहे, आखाजीपर्यंत फक्त कैरी. मुलं कुरकुरतात, पण दिवस मोजतात.

पुण्यात आल्यावर चैत्रगौर मिळाली. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत जवळजवळ महिनाभर गौर झोपाळ्यात बसते. या हळदीकुंकवाची थाळी म्हणजे उन्हाळ्यावरचा उतारा: आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड. देवाधर्मात रस नसेल तरी एका संध्याकाळी शेजारपाजारच्यांना बोलवाच, पुरुषांनाही, विधवांनाही, कुणालाही वगळू नका. डाळ भरडच वाटा, पिठूळ झाली की गेली. कैरी आंबट बघून घ्या आणि वरून हिंग-मोहरी-हळद-कढीलिंबाची फोडणी चांगली चरचरीत द्या.

वाळवणाचं नाव काढलं की लोक म्हणतात, एवढं कोण करणार? कुरडयांचा घाट नका घालू. तीन दिवस गहू भिजवणं, चीक काढणं, रोज पाणी बदलणं फ्लॅटमध्ये जड जातं. पळीपापड करा. वाटी-दोन वाटी साबुदाणा रात्री भिजवायचा, सकाळी भरपूर पाण्यात मीठ-जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि बाल्कनीत प्लॅस्टिकवर पळीपळीने घालायचा. राखणीला मुलं बसवा. ती अर्धवट वाळलेले, कडेला कडक आणि मधे चिवट असलेले पापड उचलून खाणारच, खाऊ द्या. डब्यात निम्मेच गेले तरी हरकत नाही.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने म्हणायचं आहे ते. दुपार मोकळी ठेवा. सुट्टी लागायच्या आतच आपण मुलांची शिबिरं ठरवतो: सकाळी पोहणं, मग चित्रकला, मग रोबोटिक्स, चारला बुद्धिबळ. पालक दोघंही नोकरी करतात, मुलांना कुठेतरी ठेवावं लागतं, ही अडचण खरी आहे. पण जिथे आजी-आजोबा आहेत, शेजारी भला आहे, तिथे आठवड्यातल्या काही दुपारी तरी कोऱ्या राहू द्या. फरशीवर पाणी शिंपडून त्यावर आडवं पडणं, पत्ते, जुने अंक, कंटाळा. हो, कंटाळासुद्धा. मुलं त्यातूनच काहीतरी काढतात, आपण काढून द्यायची गरज नसते.

शून्य सावलीचा दिवस मुलांना जरूर दाखवा. सूर्य नेमका डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी लपते. मेच्या सुरुवातीला सिंधुदुर्गातून हे सुरू होतं, पुण्यात साधारण १३ मे, मुंबईत १५ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. पुण्यात वेळ दुपारी साडेबाराच्या आसपासची. गच्चीत एक सरळ उभी बाटली ठेवली की झालं.

याच दिवसांत ताम्हण फुलतो, आपलं राज्यफूल, आणि कितीतरी मुलांनी तो ओळखून पाहिलेला नसतो. बहाव्याचे पिवळे झुंबर तर कॉलनीच्या रस्त्यावरच असतात. मोगऱ्याची एक कुंडी ठेवा, संध्याकाळी कळ्या काढून वाटीभर पाण्यात टाका, रात्री खोली दरवळते.

पूर्वी दारी आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय कुणी सोडत नसे. आज दारी येतो तो कुरिअरवाला, जेवणाचं पार्सल आणणारा, गॅस सिलिंडर चार मजले चढवणारा. भर दुपारी दोनला. बेल वाजली की पार्सलसाठी हात पुढे करण्याआधी माठातलं पाणी पुढे करा, सोबत गुळाचा खडा. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक माठ ठेवावा, तो रोज कुणी भरायचा याची पाळी लावावी, असं मी येत्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. पहिला आठवडा माझा.