रोस्सोच्या ख्रिस्ताला जखमा कमी का?
सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार रोस्सो फिओरेंतिनो याच्या ‘देवदूतांसह मृत ख्रिस्त’ या चित्रात जखमा फारशा दिसत नाहीत, म्हणून चित्र अर्धवट राहिलं असावं, हा त्यावरच्या लेखातला तर्क पटला नाही. अंग जवळजवळ निर्मळ ठेवणं हे मुद्दाम केलेलं आहे. कुशीतली जखम बघा: एका देवदूताची बोटं तिथपर्यंत पोचली आहेत, नजर आपोआप तिकडेच जाते. मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वेदीवर जो प्रसाद ख्रिस्ताचं ‘शरीर’ मानून उचलला जातो ते शरीर हेच, असा चित्राचा रोख. खिळे खाली पायांशी आहेत, पण मोबाइलवर कातरलेल्या फोटोत नेमका तोच भाग गायब होतो!

बलदंड, पिळवटलेली बैठक मायकेलअँजेलोकडून आलेली. रोस्सो १५२४ ते १५२७ दरम्यान रोममध्ये होता, म्हणजे मायकेलअँजेलोनं रंगवलेलं सिस्टाइन चॅपेलचं छत त्याच्या समोरच. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्यानं रोम लुटलं तेव्हा त्याला शहर सोडावं लागलं.

आणखी एक, हे चित्र कॅनव्हासवर नाही, लाकडी फळीवरचं तैलचित्र आहे, सुमारे १३३ × १०४ सेंटिमीटर. फळी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. तिच्यावर रंगाखाली दिलेला खडू-सरसाचा थर तेवढा लवचिक नसतो, म्हणून रंगाला भेगा पडतात, पोपडे सुटतात. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मूळ बघायला मिळतं.