सायबर जागृती सप्ताह कसा उरकावा

गुरुजी, अभिनंदन! शाळेत स्मार्ट टीव्ही आलाय म्हणे, तोही लोकवर्गणीतून. आधी एक काम करा, ज्यांनी पाचशे-पाचशे दिले त्यांची नावं टीव्हीपेक्षा मोठ्या बोर्डावर रंगवून घ्या, नाहीतर टीव्ही राहायचा बाजूला आणि गावात भांडण लागायचं. टीव्ही काय, थकलेलं लाइट बिल भरलं की लागेलच कधीतरी.

ट्रेनिंगचं टेन्शन तर बिलकुल घेऊ नका. शिक्षकांच्या ऑनलाइन कोर्सचं सरकारी दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, अजून कुणाचं काही अडलंय का? कोर्सचा व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा, तेवढ्यात पोषण आहाराची नोंद करायची, यू-डायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची शाळेची, राहिलेली माहिती भरायची, आणि शेवटच्या चाचणीची उत्तरं केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर क्रमाने आलेलीच असतात ती टिचकावायची. पोरांनी केली तर कॉपी, आपण केलं की सहकार्य. सर्टिफिकेट आलं की लगेच स्टेटसला.

आता पासवर्ड. शाळेचं नाव आणि पुढे १२३, यापेक्षा सोपा दुसरा नाही. विसरायला नको म्हणून कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. तेही विसरलात तर सातवीतल्या कुठल्याही पोरीला विचारा, लॉगिन तीच करून देते ना रोज.

मग येतो मेन पाठ, खोट्या बातम्या ओळखणे. हा दुपारी घ्या, कारण सकाळी तुम्ही 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हे पालकांच्या ग्रुपवर टाकलेलं असतं. किती वर्षं फिरतोय तो मेसेज! वर दोन बाण दिसतात, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालाय. तुम्ही समजायचं की एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे खराच असणार. कुणी पोरगं म्हणालं, सर युनेस्को असं काही ठरवत नाही, तर त्याला शुद्धलेखन द्या.

प्रायव्हसीचा दिवस सगळ्यात जोरात झाला पाहिजे. पोरांना ओळीत उभं करून 'मी माझी वैयक्तिक माहिती ऑनलाइन देणार नाही' अशी शपथ घ्या, फोटो काढा, आणि फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, गाव, शाळेची वेळ सगळं फेसबुकवर टाका. सोबत आधार नंबरची यादी गेली तर इलाज नाही, माहिती भरायची वरून आलेली लिंक 'आजच्या आज, अत्यंत तातडीची' होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं लिहिलंय म्हणे, पण पालक तर ग्रुपमध्ये आहेत, त्यांनी अंगठा दाखवला म्हणजे झाली संमती.

ऑनलाइन छळ कसा वाईट असतो हे सांगताना आवाज जरा जड ठेवा. आणि गणितात तीन मार्क पडलेल्याचा पेपर ग्रुपवर टाकून खाली हसणारे इमोजी टाकलेत ते डिलीट करू नका, पालकांना प्रगती कळली पाहिजे. (पहिलीतलं रडणारं पोर तुमच्या रीलमध्ये आहे ते वेगळं, ते गोड आहे.)

शेवटच्या दिवशी ऑनलाइन फसवणूक. हा विषय तुम्हाला आतून माहितीये, कारण मागच्याच महिन्यात 'बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कट' असा मेसेज आला होता, आणि शाळेचं बिल खरंच थकलेलं, मग विश्वास बसणारच की. त्या माणसाने सांगितलं ते ॲप तुम्ही टाकलं, ओटीपी पण वाचून दाखवला, तोही स्पीकरवर ठेवून, भर वर्गात. पोरांना प्रात्यक्षिकच मिळालं. पैसे गेल्यावर तुम्ही आधी बायकोला, मग केंद्रप्रमुखांना, मग मेव्हण्याला फोन लावत बसलात.

"सर, १९३० लावा ना, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती," मागच्या बाकावरून ती लॉगिनवाली पोरगी म्हणाली. मधे बोलली म्हणून तुम्ही तिला उभं केलंत.