कुतर्क करणारा लबाडच असतो?

‘समोरचा मुद्दा सोडून भलतंच बोलू लागला की समजा, आपण हरलोय हे त्याला कळलंय. कुतर्क नकळत होत नाही, शिकलेल्याकडून तर नाहीच. अशांच्या नादी लागू नका.’ हा फॉरवर्ड नाशिकच्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झालाय. वाचायला झकास आहे, पण खरा नाही.

आधी ‘हरलोय हे कळलंय’ बघू. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हाचे वाद आठवा. शहरातला म्हणायचा, ‘कांदा महागला की आमचं बजेट कोलमडतं.’ निफाडकडचा शेतकरी म्हणायचा, ‘पिझ्झ्याला चारशे मोजताना नाही कोलमडत?’ आता पिझ्झ्याच्या किमतीवरून निर्यातबंदी बरोबर की चूक हे काही ठरत नाही. पण लासलगावला ट्रॉली रिकामी करून ज्याच्या हाती गाडीभाडंही सुटत नाही, त्याला हा डावपेच वाटतच नाही. त्याच्या लेखी मुद्दा तोच असतो. ‘परवडत नसेल तर शेती सोडा’ म्हणणारे गृहस्थही तितक्याच मनापासून चुकतात.

शिकलेल्यांचं म्हणाल तर १९८३ साली इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही अनुमानं तपासायला दिली. तर्कात न बसणारे, पण मनाला पटणारे निष्कर्ष त्यांनी सुमारे ७१ टक्के वेळा बरोबर ठरवले. तितकेच चुकीचे, पण न पटणारे निष्कर्ष मात्र जेमतेम १० टक्के वेळा. समोर प्रतिपक्ष नव्हता, जिंकण्यासारखं काही नव्हतं. मग ते फसवत कोणाला होते?

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर जुन्या तर्कशास्त्राने, मुद्दाम केलेली आणि नकळत झालेली चूक हा भेद फार पूर्वी केलाय. समोरच्याच्या शब्दाला मुद्दाम भलता अर्थ चिकटवणं म्हणजे छल. तो जिंकण्यासाठीच्या चर्चेत, म्हणजे जल्पात चालतो, सत्य शोधणाऱ्या वादात नाही. हेत्वाभास, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं, वादातही दाखवून द्यावा लागतो. प्रामाणिक माणसाकडूनही तो होतो, म्हणूनच ना?

ठरवून करणारेही आहेतच. सिगारेटच्या धोक्यांबद्दल लोकांच्या मनात शंका पेरायची म्हणून ‘शंका हेच आपलं उत्पादन’ असं १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलं होतं. पण ते पगारी काम झालं. फॅमिली ग्रुपवरच्या काकांना त्या रांगेत बसवू नका.

राहिला ‘नादी लागू नका’ हा सल्ला. त्याऐवजी एवढंच विचारून बघा: ‘दादा, उद्या पिझ्झा स्वस्त झाला तर निर्यातबंदी योग्य ठरेल का?’ लबाड असेल तो पुन्हा विषय बदलेल. दुसरा बहुधा क्षणभर थांबेल आणि कांद्याच्या भावाचं खरं गाऱ्हाणं सांगायला लागेल.