जायचं तर जाऊ, पण निघायची वाट आधी लिहून घ्या

मोडी वाचकांच्या आपल्या साइटवर आज पुन्हा तोच सूर: "हा खटाटोप कशाला? मोठ्या प्लॅटफॉर्मवर जाऊ, सगळं फुकट आहे." डोकंच फिरलं. फुकट मिळणार सर्व्हर, आणि आपण देणार काय, तर जाणकारांनी जुन्या मोडी कागदांची डोळे फोडून लावलेली वाचनं!

मॅथओव्हरफ्लो या गणितज्ञांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचं बघा ना. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या तरुण गणितज्ञांनी उभं केलं, होस्टिंगचा खर्च गणितज्ञ रवी वकील यांच्या संशोधन निधीतून. 2013 ला तेही स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तर साइटींच्या मोठ्या जाळ्यात गेलेच. पण कसे गेले? ना-नफा संस्था काढली, डोमेन आपल्या हाती ठेवलं, आणि उद्या पटलं नाही तर डेटा घेऊन बाहेर पडायची सोय ठरवून घेतली. मग गेले.

त्यांची दूरदृष्टी पुढे कळली. 2021 मध्ये स्टॅक एक्स्चेंज चालवणारी स्टॅक ओव्हरफ्लो कंपनी प्रोसस या गुंतवणूक कंपनीने 1.8 अब्ज डॉलरला घेतली. 2023 मध्ये सगळ्यांसाठी खुला असलेला डेटा डंप, म्हणजे साइटवरच्या मजकुराची उतरवून घेता येणारी प्रत, कंपनीने गुपचूप थांबवला, ओरड झाल्यावर परत चालू केला. मालक बदलला की धोरण बदलतं, एवढं तरी समजून घ्या!

आणि डंप मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नाही. त्या डंपमध्ये मजकूर असतो, चित्रं नसतात, नुसते दुवे. गणितवाल्यांचं भागेल, सूत्रं मजकुरातच असतात. आपलं काय? मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. शब्द कुठे तुटतो यावरच वाद होतात, आणि ते मिटतात कागदाच्या फोटोवर बोट ठेवून. फोटो गेला की खालचं लिप्यंतर तपासणार कशावर?

मान्य, स्वतःचा सर्व्हर डोकेदुखी आहे. स्पॅम, अपडेट, बिलं, आणि ते करणारी तीच दोन-तीन माणसं थकलीत. त्यांच्यावर राग नाही. त्यांनी हे इतकी वर्षं सांभाळलं म्हणून तर आज वाद घालायला काही शिल्लक आहे. त्यांच्यासाठीच म्हणतो, जाऊ या. फक्त मॅथओव्हरफ्लोसारखं.

डोमेन एका माणसाच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर हवं; ते हातात असेल तरच जुने दुवे 301 ने (पत्ता कायमचा बदलला असं ब्राउझरला सांगणाऱ्या संकेताने) नव्या जागी वळवता येतात. मजकुराचा परवाना सीसी बाय-एसए, म्हणजे नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणीही वापरावा असा. फोटो मूळ आकारात, फाइलच्या नावात नोंद क्रमांक. सदस्यांचे ईमेल सार्वजनिक डंपमध्ये येत नाहीत, ती यादी संमती घेऊन आधीच वेगळी ठेवा. आणि करारावर सही करण्याआधी बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर चढवून बघा. शंभर पानं उघडा. फोटो दिसले नाहीत तर तो बॅकअप नाही.

डोमेन सध्या ज्यांच्या नावावर आहे त्यांनी नूतनीकरणाची तारीख आज रात्रीच ग्रुपवर टाकावी.