समुद्राचा तळ ‘सगळीकडे सारखाच’ नाही

गेले काही दिवस लातूर-नांदेडच्या शिक्षकांच्या आणि परभणीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खोल समुद्राच्या तळाशी जीव नाहीत. असले तरी सगळीकडे तेच ते. माणसाचा हात न लागलेल्या जागा एकसारख्याच असतात, फरक दिसला की समजायचं प्रदूषण झालं. खाणकामात एका जागचे प्राणी मेले तर शेजारचे येऊन जागा भरतात. आणि शेवटी, मराठवाड्याला समुद्रच नाही, आपल्याला काय त्याचं? मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांनीही हे खरं मानून पुढं पाठवलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जीव नाहीत’ हे मत १८४० च्या दशकातलं आहे. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक एडवर्ड फोर्ब्स यांनी तेव्हा सुमारे ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी असं मांडलं होतं. १८७२ ते १८७६ च्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या मोहिमेनं कित्येक हजार मीटर खोलीवरून प्राणी वर काढले. हा वाद तिथंच मिटला.

‘सगळीकडे तेच ते’ हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तळाचा नमुना घेतात तेव्हा जबड्यासारखं पोलादी यंत्र दोरानं खाली सोडतात आणि ते गाळाचा घास घेऊन वर येतं. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्यानं हळूहळू धुतात. चाळणीत जे उरतं ते फॉर्मेलिनमध्ये ठेवून त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग घालतात. जीव गुलाबी होतात, वाळूचे कण बहुतेक तसेच राहतात. मग चिमट्यानं एकेक वेचायचा: केसासारख्या पायांचे पॉलिकीट किडे, नखाएवढे शिंपले, कोळंबीच्या जातकुळीतले बारके प्राणी. चाळणीतून खाली गेलेल्या पाण्यात त्याहून लहान जीव असतात आणि त्यांत सर्वांत जास्त सूत्रकृमी. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहेत, हे त्यांचेच समुद्री भाऊबंद.

आता हेच काम वाळूत करा, मग चिकणगाळात करा. वाळूत पाणी गाळून खाणारे आणि झटकन पुरून घेणारे प्राणी जास्त मिळतात. गाळात गाळच खाऊन त्यातलं पोषण काढून घेणारे जास्त. खडकावर चिकटून राहणारी कालवं, स्पंज, प्रवाळ. एकाच गावच्या शिवारात काळ्या रानातले आणि मुरमाड माळावरचे किडे-गांडूळ सारखे नसतात, तसंच हे आहे. त्यात खोली, वरून पडणारं अन्न, ऑक्सिजन, प्रवाह आणि खारटपणा यांची भर पडते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे २,१०० मीटर खोलीवरच्या २३३ नमुन्यांत ७९८ जाती सापडल्या, आणि त्या नमुन्यांचं एकूण क्षेत्र होतं फक्त २१ चौरस मीटर. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ १९७७ मध्ये सापडलेल्या, समुद्रतळातून निघणाऱ्या उष्ण झऱ्यांपाशी तोंड आणि आतडं नसलेले, शरीरातल्या जिवाणूंवर जगणारे लांबलचक किडे आहेत. हिंदी महासागरातल्या मोजक्या झऱ्यांजवळ लोहाच्या संयुगाचे खवले अंगावर असलेली गोगलगाय राहते. दुसरीकडे कुठंच नाही. २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या जातींत झाली.

‘फरक म्हणजे प्रदूषण’ हा त्या मेसेजमधला सर्वांत घातक मुद्दा, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन अगदी कमी असलेला पाण्याचा थर आहे. तो जिथं समुद्रतळाच्या उताराला टेकतो, तिथं मोजक्याच जाती टिकतात. कोणी कारखाना काढलेला नाही, निसर्गच तसा आहे. कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात गोडं पाणी भरतं, खारटपणा एकदम उतरतो आणि तो सोसणारेच प्राणी उरतात. म्हणजे कमी जाती दिसल्या की प्रदूषण म्हणणं चूक, आणि भरपूर जाती दिसल्या की सगळं ठीक म्हणणंही तितकंच चूक. हानी मोजायची तर त्याच खोलीची, त्याच प्रकारच्या गाळाची अबाधित जागा शोधून तिच्याशी तुलना करावी लागते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागराचा तळ प्रयोगासाठी ढवळला, तेव्हा तुलनेची जागा वेगळी राखली होती. वाळूतले आकडे गाळावर लावून काढलेला निष्कर्ष, मग तो कंपनीचा असो की आंदोलकांचा, मी मानणार नाही.

‘शेजारचे येऊन भरतील’ याचं उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाजवळच्या समुद्रानं दिलंय. १९८९ मध्ये ४,००० मीटरहून खोल तळावर संशोधकांनी खाणकामाचा परिणाम बघायला नांगरासारखं अवजार ओढलं. २०१५ मध्ये परत जाऊन पाहिलं तर चरे तसेच दिसत होते. तिथं तळावर धातूच्या गोट्या पडलेल्या असतात, खाणकाम करायचं ते त्यांच्यासाठीच, आणि त्या तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. त्यांच्यावर चिकटून राहणारे स्पंज आणि प्रवाळ गोट्या नसलेल्या गाळात जवळपास आढळत नाहीत. गोट्याच उचलून नेल्यावर शेजाऱ्यांनी येऊन बसायचं कशावर?

राहिला मराठवाडा. पैठणहून नांदेडला जाणारी गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीचा अंश तिथल्या तळाच्या गाळात ओळखता येतो. धरणांमुळे तो गाळ कमी झालाय, म्हणजे वर आपण काय करतो त्याचा तिथल्या तळाशी संबंध आहेच. शिवाय धातूच्या गोट्यांसाठी भारताकडे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, आणि २०२१ मध्ये केंद्रानं खोल समुद्र मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. त्या पैशात जालना-हिंगोलीच्या माणसाचाही कर आहे. तिथं खोदण्याआधी कोणते प्राणी कुठं राहतात याची पाहणी झाली का आणि तुलनेला कोणती जागा ठेवली, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.