सातबारा कोरा झाल्यावरचा जून

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपूरला बच्चू कडूंचं आंदोलन झालं, सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घ्यायचा शब्द दिला, आणि इकडे जर्मनीत लाइपझिगमध्ये आम्हा मराठी मंडळींच्या फराळालाही तोच वाद सुरू झाला. एक जण म्हणाले, माफीमुळे परतफेडीची सवय मोडते. दुसऱ्यांनी बड्या उद्योगांची निर्लेखित कर्जं काढली. मी वाशीम जिल्ह्यातल्या साडेसहा एकर कोरडवाहू शेतीवर वाढले आहे. मला दोघांनाही एवढंच विचारायचं होतं की, माफी मिळाली असं धरलं, तर त्या घरात पेरणीला पैसे कुठून येणार? ३० जूनला आमच्याकडे तिफण शेतात असते.

२००८ ची केंद्राची माफी आमच्या घरात अर्धीमुर्धीच पोचली. दोन हेक्टरपर्यंतवाल्यांचं, म्हणजे साधारण पाच एकरवाल्यांचं, कर्ज पूर्ण माफ होतं. त्याहून जास्त जमीन असली की किमान चौथाई सूट, तीही उरलेली रक्कम भरल्यावर. विदर्भातल्या कोरडवाहू जमिनीला हा निकष लावणं अन्यायच होता. बाबांनी आईच्या पाटल्या मोडून ती रक्कम भरली. खातं निल झालं, आणि पंधरा दिवसांत बियाण्यासाठी ते सावकाराच्या ओट्यावर बसले होते.

२०१७ च्या दीड लाखांच्या माफीत दादाचं नाव यादीत यायला पुढचं वर्ष उजाडलं. तलाठ्याने बोजा उतरवला त्या दिवशी मी आनंदाने फोन केला. तो म्हणाला, "कर्ज फिटलं, पन आता पेरू कायनं?" गावच्या सहकारी सोसायटीचं नवं पीककर्ज पेरणी उलटल्यावर मिळालं. तोवर कृषी केंद्राची उधारी झाली होती. ती फेडायला सोयाबीन ओलंच विकलं, पडेल त्या भावाने. पुढच्या मार्चमध्ये सोसायटीचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, आठ दिवसांसाठी उसने पैसे घेतले, त्याचं व्याज वेगळं. दोन वर्षांत तो होता तिथेच आला. यात उधळपट्टी कुठे होती, हे मला कोणी दाखवून द्यावं.

माझ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंचं दुकान बुडालं आणि त्यांनी इथल्या कायद्याने व्यक्तिगत दिवाळखोरी घेतली. ऑक्टोबर २०२० पासून या दिवाळखोरीची मुदत तीन वर्षांची आहे. तेवढ्या काळात ठरावीक मर्यादेवरचं उत्पन्न ज्यांचं कर्ज आहे त्यांना जातं. सध्या ही मर्यादा एकट्या माणसाला महिन्याला दीड हजार युरोंच्या थोडी वर आहे. काम करत राहावं लागतं, वारसाहक्काने काही मिळालं तर त्यातला अर्धा वाटा द्यावा लागतो. मग कोर्ट उरलेलं कर्ज रद्द करतं, आणि पुन्हा असा अर्ज अकरा वर्षं करता येत नाही. म्हणजे 'सवय मोडते' म्हणणाऱ्यांची काळजी या कायद्यातही घेतलेली आहे. पण त्याच वेळी त्या बाईंचं बँक खातं संरक्षित होतं. त्यातली जगण्यापुरती रक्कम कोणी जप्त करू शकत नव्हतं. सल्ला केंद्रात फुकट भेटणाऱ्या समुपदेशक बाईंनी त्यांना दर महिन्याला वीस-तीस युरो बाजूला टाकायला लावले. दुसऱ्या वर्षी वॉशिंग मशीन बंद पडलं, तेव्हा नवं त्या पैशांतून आलं. नवा हप्ता लागला नाही. मला त्यांच्या सुटकेचा खरा दिवस तोच वाटतो, कोर्टाचं पत्र नंतर आलं.

इथे सगळं गोड आहे असं नाही. जर्मन भाषेत अपराध आणि कर्ज यांचा शब्द एकाच मुळाचा आहे, आणि त्या बाईंनी सख्ख्या बहिणीलाही दोन वर्षं काही सांगितलं नाही. आमच्या गावात थकबाकी साऱ्यांना ठाऊक असते, पण अडल्या वेळी शेजारी दोन पायल्या बियाणं देतोही.

आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याची तरतूद लिहिलेली आहे, पण व्यक्तींचा तो भाग कंपन्यांच्या जामीनदारांपलीकडे लागूच केलेला नाही. नुकसानभरपाईची रक्कम कर्जखात्यात वळती करू नका, असं बँकांना पुन्हापुन्हा बजावावं लागतं. जगण्यापुरत्या पैशाला हात लावायचा नाही, हे एकदा कायद्यातच का लिहू नये? आणि माफीची यादी लावताना त्याच घराला त्याच मे महिन्यात नवं पीककर्ज मिळेल, ही जबाबदारी बँकेवर का टाकू नये? कर्जमाफी द्यावीच, असं माझं मत आहे. पण या दोन गोष्टींशिवाय ती दिली, तर तो पैसा कृषी केंद्राच्या आणि सावकाराच्या वहीतून वाहून जाईल.

मी स्वतःही हीच चूक केली. २०२० मध्ये दादाची सगळी खासगी देणी मी फेडली, आणि दुसऱ्या वर्षी वहिनींच्या ऑपरेशनला त्याने परत पाच टक्क्यांनी पैसे उचलले. महिन्याला पाच टक्के! तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "ताई, फेडायला नका पाठवू, पेरायला पाठवा." त्यांच्या नावाचं खातं आम्ही मुद्दाम जिथे कर्ज नाही अशा बँकेत काढलं. सोयाबीन विकलं की बियाणं-खताचे पैसे आधी तिथे जातात, मग किराणा, मग बाकीचं. त्याला मेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दवाखान्यासाठी वेगळा डबा आहे. तो अजून लहान आहे, आणि मला त्याचीच काळजी जास्त वाटते.

यंदा सप्टेंबरच्या पावसात बरंचसं सोयाबीन शेतातच सडलं. गेल्या वर्षी बियाण्याच्या त्या खात्यात चाळीस हजार टाकले होते, या वेळी अकराच जमले. दादाला ते सांगताना अवघड वाटत होतं. मेपर्यंत एकोणतीस हजार हवेत. दरमहा चार मी पाठवते, त्याचे चोवीस होतील. वरचे पाच हरभऱ्यावर आहेत, आणि तो आत्ता कुठे उगवलाय.